चिठ्ठीवरचा पंच्याहत्तर

मंगळ. ४ फेब्रु. ९७

सकाळी साडेनऊच्या सुमारास तीन नंबर शेडमध्ये बॅच उतू आली. मी ऑफिसात होते. आधी मोठी शिट्टी वाजावी तसा आवाज, मग खिडकीतून माणसं पळताना दिसली. रिअॅक्टरच्या झाकणातून पिवळा फेस बाहेर. ऑपरेटर हरेश्वरभाऊ वाफेचा कॉक बंद करायला पुढे गेले. डावा हात कोपरापर्यंत भाजला. बोईसरच्या दवाखान्यात नेलं. गाडीत स्वतःच चढून बसले.

नव्या मालाची पहिलीच बॅच. जुन्यापेक्षा तेज माल, म्हणून तापमानाची मर्यादा ७५ वरून ६० वर आणायची होती. आणली होती. शनिवारी मीच, कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर. प्रत्येक बॅचची चिठ्ठी त्यातूनच छापून निघते, ऑपरेटर तीच बघून काम करतो.

दुपारी सामंत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर असून आवाज कधी चढवत नाहीत, आजही नाही.
"भारती, चिठ्ठीवर किती येतं?"
साठ, म्हटलं.
"ट्रायल घेतली होतीस?"
हो, म्हटलं.
रजिस्टर मागवलं. १ तारखेला माझ्या अक्षरात: 'बदल केला. ट्रायल घेतली.' खाली सही. त्यांनी वाचलं, रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली लावली.

घरी आल्यावर आईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब घातले. एक गालावर पडला. "काय झाला?" म्हणाली. काही नाही.

बुध. ५

फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. शेडला कुलूप, कंट्रोल रूमही आतच. कालची चिठ्ठी फेसात भिजून लगदा झाली, त्यामुळे तिच्यावर काय होतं ते दाखवायला काहीच नाही. साहेबांनी इन्स्पेक्टरना ऑफिसच्या कॉम्प्युटरपाशी आणलं, मला चिठ्ठी काढायला लावली. साठ. प्रोग्रामचा कागद छापून दाखवला. त्यातही साठ.

"म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे," साहेब म्हणाले. "एकोणीस वर्षं पंच्याहत्तरला न्यायची हरेश्वरची सवय, त्याच सवयीने नेलं."

हरेश्वरभाऊ दवाखान्यातून सांगतायत की चिठ्ठीवर पंच्याहत्तरच होतं. चौकशी होईपर्यंत कामावरून बंद.

मला सुटल्यासारखं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू.

गुरु. ६

लिहून टाकते.

ट्रायल घेतली नव्हती.

एरवी बदल मी ऑफिसच्या मशीनवर करते, फ्लॉपीत घेते, कंट्रोल रूममध्ये नेते आणि तिथे पूर्ण प्रोग्राम जुळवते. तापमान वाचणारं कार्ड त्याच मशीनमध्ये, त्यामुळे जुळवणी तिथेच करावी लागते. शनिवारी तिथला ड्राइव्ह फ्लॉपी वाचेना. दोनतीनदा घालून बघितली. मग ती एक ओळ तिथेच हाताने बदलली, ७५ चे ६०. जुळवणीचा प्रोग्राम, ज्याला 'मेक' म्हणतात, तो चालवला. एकही चूक दाखवली नाही. घड्याळात चार चाळीस. पाचची एसटी. पालघरला सहाला आईच्या डोळ्याची पट्टी काढायची होती, डॉक्टर नंतर दोन दिवस नव्हते. प्रिंटर चालू करून एक चिठ्ठी काढायला तीन मिनिटं लागली असती. पाच धर.

सही करून निघाले. एसटी मिळाली. पट्टी काढल्यावर आईने आधी माझ्याकडे बघितलं नि म्हणाली, किती बारीक झालीस.

पण प्रोग्राममध्ये साठ आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. मग चिठ्ठीवर पंच्याहत्तर कुठून येईल? हरेश्वरभाऊंची चूक असेल. असू शकते.

शुक्र. ७

एमआयडीसीची सुट्टी, दिवसभर वीज बंद. तरी बोईसरला गेले, दवाखान्यात. हरेश्वरभाऊंची बायको उशाशी बसलेली. हात कापडात गुंडाळून उशीवर ठेवलेला. मला बघून उठायला लागले.

"मॅडम, मना वाचता येतं. सात नि पाच होता. नवा माल हाय म्हनून मी दोनदा बगितला."

बायकोने स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही. मोसंबी ठेवली नि आले.

शनि. ८

शेड उघडली. गेटवरचा रामसकल किल्ली घेऊन बरोबर आला. "साहब बोले, जल्दी निपटाना," म्हणाला.

कंट्रोल रूमचं मशीन चालू केलं. चिठ्ठी काढली.

७५.

फाइल उघडली. तिच्यात ६०. 'मेक' चालवला, चूक नाही. चिठ्ठी काढली. ७५. परत. ७५. फाइलीतली ओळ बोट ठेवून वाचली. साठच. रामसकल विचारतोय, क्या हुआ मैडम, पसीना क्यों आ रहा है.

तीच ओळ, तोच प्रोग्राम. ऑफिसच्या मशीनवर साठ, इथे पंच्याहत्तर. म्हणजे हरेश्वरभाऊ पहिल्यापासून खरं बोलतायत.

तिन्ही चिठ्ठ्या घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी टेबलावर एकाखाली एक मांडल्या. मग:

"ट्रायलच्या वेळी काय छापलं होतं?"

मी चिठ्ठ्या एका रेषेत सरकवल्या.

"साठ छापलं असेल तर मशीन तेव्हा बरोबर होतं. पंच्याहत्तर छापलं असेल तर तू बघून सही केलीस. यातलं कुठलं?"

तिसरं त्यांना कळलंय. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चिठ्ठ्या माझ्या हातात परत दिल्या. "सोमवारी मुंबईहून इंजिनियर बोलावतो. तोवर कोणाला दाखवू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

सोम. १०

इंजिनियर अकराला आला, एकला गेला. मी म्हटलं, काही पुसू नका, आधी कारण शोधू. "मॅडम, कारण शोधायला आठवडा जाईल, मला संध्याकाळी ठाण्याला पोचायचंय." फ्लॉपीचा ड्राइव्ह बदलला, जुनं सगळं पुसलं, नव्याने भरलं, तारीख-वेळ लावली, जुळवणी केली. चिठ्ठी: ६०. व्हायरस असेल म्हणाला. कुठला? ते नाही सांगितलं.

साहेब खूष. "झालं ना? मशीन ठीक आहे."

आता ते मशीन साठ छापतं. पंच्याहत्तर का छापत होतं ते कोणाला माहीत नाही नि दाखवायला काही उरलं नाही. माझ्याकडच्या तीन चिठ्ठ्या. त्या मीच छापल्या असं कोणीही म्हणेल. छापल्याच आहेत मी.

चौकशी सोमवार १७ ला. नोटीस लागली.

मंगळ. ११

चूक परत घडवून आणता आली पाहिजे. ती इंजिनियरबरोबर गेली नसणार.

कंट्रोल रूममध्ये जेवणाच्या सुट्टीत जाते. शेडमधलं काम अजून बंद, त्यामुळे कोणी हटकत नाही. ट्रायलसाठी वेगळा कप्पा केला, म्हणजे खऱ्या चिठ्ठीला धक्का नको. तिथेच हाताने ६० चे ६१ केले. 'मेक'. चिठ्ठी: ६१. बरोबर.

बुध. १२

डिस्क तपासली, एकही खराब जागा नाही. व्हायरस शोधणारी फ्लॉपी घातली, काही नाही. मशीन चालू ठेवूनच मागच्या वायरी एकेक तपासून घट्ट केल्या (रामसकलने टॉर्च धरला). मशीन चालू असताना शेजारची मोटर सुरू करून बघितली, व्होल्टेज पडतं का म्हणून. पडतं. तरी चिठ्ठी बरोबर.

जेवले नाही. डबा तसाच घरी.

गुरु. १३

६१ चे ६२. चिठ्ठी: ६२. सहा वेळा. सहाही वेळा बरोबर.

नीट चालणाऱ्या मशीनचा इतका राग कधी आला नव्हता.

साहेब जिन्यात भेटले. "अजून तिथेच जातेस म्हणे." हो. "भारती, तू हुशार मुलगी आहेस. तुमच्या सातपाटीतून किती मुली अशा नोकरीला लागल्यात? विचार कर." एवढंच बोलून वर गेले.

केला विचार. बाबांची बोट गेल्या वर्षीपासून दुसऱ्याच्या हातात आहे. आईला उन्हात आणि धुरात बसायचं नाही, म्हणून तिचं बाजारात मासळी विकणं बंद. घरात बांधलेला पगार माझा एकटीचा. हे सगळं सामंत साहेबांना माहीत असणार, मीच कधीतरी सांगितलंय.

शुक्र. १४

सुट्टी. आई पडवीत बसली होती, काळा चष्मा लावून. समोर बांबूच्या वळ्यांवर बोंबील टांगलेले. शेजारणी तिला लांबूनच विचारत होत्या, दिसतं का आता. "वळीवरचा एकेक बोंबील मोजून दावू?" ती म्हणाली.

त्या गेल्यावर मला म्हणाली, "आता तुजा तोंड पन नीट दिसते. सांग."

सांगितलं. शनिवार, पट्टी, पाचची एसटी, सही, हरेश्वरभाऊंचा हात. सगळं. आईने चष्मा काढून पुसला.

"माज्या डोल्यापायी?"

"नाही गं. मीच घाई केली."

"त्या मानसाला सांगितलास?"

"नाही."

"मग मना कशाला सांगतेस?"

उठून आत गेली. भांडी घासताना आवाज जरा जास्तच येत होता.

शनि. १५

सापडलं. नीट लिहिते, नाहीतर नंतर मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी आठला कंट्रोल रूम. सवयीने ६२ चे ६३ केले. 'मेक'. चूक नाही. चिठ्ठी: ६२.

परत काढली. ६२. फाइलीत ६३.

गुरुवारी सहा वेळा बरोबर. आज चूक. मधे काय झालं? मशीनला कोणी हात लावला नाही. मधे शुक्रवार झाला. वीज बंद होती.

फाइलींची यादी पडद्यावर काढली, आणि या वेळी नावं सोडून तारखा वाचल्या. मी पाच मिनिटांपूर्वी बदललेली फाइल: १ जानेवारी १९८०.

मशीन बंद केलं, थोडं थांबून चालू केलं, तारीख विचारली. १ जानेवारी १९८०. रामसकलला पेचकस आणायला सांगितलं, झाकण उघडलं. घड्याळ चालू ठेवणारी आतली छोटी बॅटरी हिरवी होऊन फुटलेली, खालची पट्टी खाल्लेली. शेडमधली हवाच तशी.

तर असं. एरवी हे मशीन रात्रंदिवस चालूच असतं, पण वीज गेली की त्याचं घड्याळ १९८० वर जातं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चिठ्ठीवरची तारीख ऑपरेटर स्वतः टाइप करतो. आणि 'मेक' सगळ्या फाइली दर वेळी नव्याने करत बसत नाही. तारखा बघतो. मूळ फाइल नवी असेल तरच तिचा भाग परत तयार करतो, नाहीतर आधीचा तयार भाग उचलतो. माझी बदललेली फाइल १९८० ची, आधीचा तयार भाग दिवाळीतला. १ तारीखही शनिवारच होती, आदल्या दिवशी वीज बंद. मी साठ लिहिलं, 'मेक'ला ते सतरा वर्षं जुनं दिसलं, त्याने पंच्याहत्तरवाला भागच उचलला आणि कुरकुर न करता काम संपवलं. फ्लॉपीतून आणलं असतं तर ऑफिसच्या मशीनची खरी तारीख बरोबर आली असती. मागच्या सोमवारी इंजिनियरने तारीख लावली म्हणून आठवडाभर सगळं ठीक.

आनंद झाला. दोनतीन मिनिटं नुसता आनंद. मग हरेश्वरभाऊंचा हात आठवला.

दहाला सामंत साहेब आणि लॅबचे दोघे यांच्यासमोर करून दाखवलं. तारीख खरी लावून: बरोबर. बंद-चालू करून: चूक. दोनदा. लॅबचे एकमेकांकडे बघत होते. साहेब फक्त "हं" म्हणाले.

ते दोघे गेल्यावर पत्र दिलं. त्यात चारच गोष्टी. मशीनचा दोष काय. चिठ्ठीवर ७५ आलं होतं. मी ट्रायल घेतली नव्हती. रजिस्टरमधली नोंद खोटी आहे.

साहेबांनी दोनदा वाचलं. "याचा अर्थ कळतो तुला?" हो. "सोमवारी दहाला ये."

तिथून थेट हरेश्वरभाऊंच्या गावाला, पामला, रिक्षाने. हरेश्वरभाऊ अंगणात खाटेवर. आता घरीच आहेत, एक दिवसाआड पट्टी बदलायला जातात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घड्याळ, तारीख, पंच्याहत्तर, न घेतलेली ट्रायल, साहेबांना दिलेलं पत्र. तुमची काही चूक नव्हती म्हटलं.

ते काही खूष झाले नाहीत. बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "यांनी सही केली ना."

कसली?

गुरुवारी ऑफिसातून माणूस आला होता, कागद घेऊन. 'माझ्या हयगयीमुळे अपघात झाला, पुन्हा असं होणार नाही.' सही केली तर १ मार्चपासून पॅकिंगमध्ये परत घेणार. औषधपाण्याचं कंपनी बघणार. चौकशी नावापुरती.

"बरा हात हाय तवर सही केली," हरेश्वरभाऊ म्हणाले. "आनि आता तुमी ह्यो कागद दिलात. आमाला इचारलात?"

नाही, म्हटलं.

"त्या दिवशी एक चिठ्ठी काढून बगितली असती तर?"

"तर कळलं असतं."

वहिनी आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मी निघाले तेव्हा ते भाजलेल्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघत होते. दोन हलत नाहीत.

रवि. १६

पत्र परत मागता येईल. मागितलं तर साहेब देतील. हसत देतील. हरेश्वरभाऊंची पॅकिंगची जागा राहील, माझी खुर्ची राहील, मशीनला नवी बॅटरी बसेल. सगळ्यांचं ठीक होईल आणि कागदावर त्यांच्या नावासमोर हयगय.

पत्र राहिलं तर? मी जाईनच. त्यांचं काय होईल ते कळत नाही. खोटी कबुली दिली म्हणून त्यांच्यावर उलटले तर.

आईला विचारलं. "मना नको इचारू," म्हणाली. मग थोड्या वेळाने: "जेव तरी."

सोम. १७

केबिनबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. दहा वाजून वीस मिनिटं.

हरेश्वरभाऊ माझ्या आधी येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, डावी बाही वर दुमडलेली, हात गळ्यात अडकवलेला. मला जागा करून दिली. आत इन्स्पेक्टर, साहेब आणि मुंबईहून आलेले एक कोणी. शिपाई रजिस्टर घेऊन आत गेला. माझं पत्र आत आहे का, माहीत नाही. त्यांचा कागद आहे, तो मी टेबलावर बघितला.

मी म्हटलं, भाऊ, पत्र परत घेतलेलं नाही.

"म्हायती हाय."

मग माझ्याकडे न बघता:

"आत काय सांगू मी? सहीचं सांगू का चिठ्ठीचं?"

काय सांगणार होते मी. नोकरी त्यांची, हात त्यांचा. तुम्हाला योग्य वाटेल ते, असं म्हणणार होते, पण ते म्हणजे परत त्यांच्यावरच टाकणं. म्हटलं, "चिठ्ठीवर पंच्याहत्तर होतं, एवढंच सांगा. बाकी माझ्यावर ढकला."

"ते मी पयल्या दिवसापास्नं सांगतोय," ते म्हणाले.

शिपायाने दार उघडून त्यांचं नाव घेतलं. उठताना तोल गेला, मी हात पुढे केला. त्यांनी धरला नाही, बाकाच्या पाठीला धरून उठले आणि आत गेले.

दार लागलं. पंधरा मिनिटं झाली. साहेबांचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. हरेश्वरभाऊंचा अजून ऐकू आला नाही.